पाणी कोणाचे, हा विचारसरणीचा प्रश्न

कर्जत तालुक्यातील पोशीर आणि शिलार या दोन धरण प्रकल्पांना राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मान्यता दिली. या दोन्ही धरणांचे पाणी मुख्यत्वे मुंबई महानगर प्रदेशातील शहरांना पिण्यासाठी आणि तेथील उद्योगांसाठी नेण्यात येणार आहे. याच तालुक्यात उल्हास नदीवरील कोंढाणे धरणाचे काम यापूर्वी सिंचनासाठी म्हणून निघाले, गैरव्यवहाराच्या आरोपांत रुतले आणि अखेर नवी मुंबईची तहान भागविण्यासाठी सिडकोच्या हवाली झाले. या तिन्ही प्रकल्पांविषयी जी राजकीय चर्चा कानी येते ती मोबदला, पुनर्वसन आणि कंत्राट या तीन शब्दांच्या पलीकडे सहसा जात नाही. डोंगरातील पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा मूळ प्रश्न कोणताही पक्ष उच्चारीत नाही. तो न उच्चारताही राजकारण सुखाने चालते, असा बहुधा सर्वांचाच अनुभव असावा.

वस्तुतः विचारसरणी या नावाची जी गोष्ट आहे ती असल्याच प्रश्नांतून जन्माला आली. आज या शब्दाला पुस्तकी वास येतो आणि अभ्यासवर्गाबाहेर त्याचा उच्चार केला तर लोक जांभया देतात. तो मूळचा फ्रान्सचा. देस्त्यु द त्रासी या तत्त्वज्ञाने १७९६ मध्ये ‘आयडिऑलॉजी’ हा शब्द घडविला, तेव्हा कल्पनांचे शास्त्र एवढाच अर्थ त्याला अभिप्रेत होता. नेपोलियनने पुढे असल्या तत्त्वज्ञांची हेटाळणी करण्यासाठी तो वापरला, आणि राज्यकर्त्यांनी विचारवंतांना हसण्याची ती प्रथा अद्याप चालू आहे. ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्दही त्याच देशातले. १७८९ च्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा असे म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नसावा म्हणणारे डाव्या हाताला. म्हणजे आरंभी हा भेद ग्रंथांतून निघाला नव्हता. एका नेमक्या प्रश्नावर कोण कोणत्या बाजूला उभा राहतो, यावरून तो पडला.

आपल्याकडे पहिली आधुनिक विचारसरणी आली ती जमीन मोजणाऱ्या साखळीबरोबर. पेशवाई बुडाल्यावर पुणे प्रांतात प्रिंगल या अधिकाऱ्याने जमिनीची पाहणी केली ती रिकार्डोच्या खंडसिद्धान्ताच्या आधारे. ती फसली, पण पुढे विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी सुधारलेली रयतवारी पद्धत मुंबई इलाख्यात रुजली. तिच्या पाठीशी इंग्रजी उदारमतवाद होता. व्यक्ती स्वतंत्र आहे, तिची मालमत्ता पवित्र आहे आणि करार पाळलाच पाहिजे, ही त्याची तीन सूत्रे. ती मुळात सरंजामदारांच्या जाचातून माणसाला सोडविणारी होती, हे विसरणे अन्यायाचे होईल. तथापि रयतेच्या नावावर चढलेली जमीन गहाण टाकता येऊ लागली, विकताही येऊ लागली, आणि करार पाळण्याची सक्ती करणारी दिवाणी न्यायालये सावकाराच्या दाराशी येऊन उभी राहिली. १८७५ साली सुपे येथे दंगा पेटला तो याचमुळे, आणि १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा ही या विचारसरणीने स्वतःच दिलेली कबुली होती. सह्याद्रीच्या पायथ्याच्या ठाकर-कातकऱ्यांची गोष्ट निराळी. ते जंगलात ‘दळी’च्या जमिनी कसत आले. त्यांच्यापुरती ती साखळी एकतर पोचलीच नाही, किंवा पोचली तेव्हा दुसऱ्याच्या नावे पोचली.

पाण्याचा प्रश्न त्यानंतर आला. टाटांच्या जलविद्युत कंपनीचे खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले आणि आंध्र खोऱ्याच्या योजनेतील भिवपुरीचे १९२२ मध्ये. घाटमाथ्यावर पाणी अडवायचे, नळांतून ते खाली खालापूर-कर्जतच्या बाजूला सोडायचे आणि निघालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ही योजना. स्वदेशीच्या चळवळीतून गेलेल्या महाराष्ट्राला ती अभिमानास्पद वाटली, आणि वाटावी अशीच ती होती. परंतु १९२१ साली घाटावर मुळशीत टाटांच्याच धरणाविरुद्ध सेनापती बापट उभे राहिले, तेव्हा राष्ट्रवादाच्या पोटातच दोन राष्ट्रवाद आहेत हे उघड झाले. एक स्वदेशी भांडवलाचा, दुसरा स्वदेशी शेतकऱ्याचा. या दोहोंचा निवाडा त्या काळी झाला नाही. पुढेही तो कोणी केला असे दिसत नाही. येथे एक गोष्ट न्यायाने नोंदवली पाहिजे. भिवपुरीहून सुटलेल्या पाण्यावर राजनाल्याच्या कालव्याने कर्जत तालुक्यात उन्हाळी भाताचे पीक उभे राहिले, आणि खोपोलीच्या पाण्याने पाताळगंगा बारमाही झाली. भांडवलदाराच्या उष्ट्या पाण्यावर शेतकऱ्याचे दुसरे पीक आले, हे वाक्य कोणत्याही वादाच्या चौकटीत नीट बसत नाही. पण ते खरे आहे.

मुळशीच्या सत्याग्रहानंतर थोड्याच वर्षांत याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पाण्याचा हक्क हाच थेट वादाचा विषय झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले होते. कागदावरील उदारमतवाद तेथे पूर्ण झाला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो माणसांनिशी चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, आणि त्याबद्दल त्यांच्या अनुयायांनी मार खाल्ला. हक्क जाहीर होणे आणि हक्क बजावता येणे यांत समाजरचना आडवी येते, हा आंबेडकरी विचाराचा गाभा त्या दिवशी दिसला. आंबेडकर पुढे येथेच थांबले नाहीत. अलिबागच्या खारेपाटात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांचा संप चालू होता. सहा वर्षे जमिनी पडीक राहिल्या, पण कुळे हटली नाहीत. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढून आंबेडकरांनी जातीचा आणि कुळाचा प्रश्न एकत्र बांधला, १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातील शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्या मोर्चात कम्युनिस्टही सामील होते. असा योग पुन्हा फार थोड्या वेळा आला.

आता कर्जतचे स्वतःचे माणूस. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म १९१२ साली माथेरान येथे एका नाभिक कुटुंबात झाला. ते वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले, आणि १९४२ च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी तेथे अभिवादनासाठी माणसे जमतात आणि सर्व पक्षांचे पुढारी येतात. सर्वांनाच हुतात्मा आपला वाटतो, यात गैर काही नाही. मात्र सर्वांना सोयीचा कोतवाल जो आहे तो केवळ मनोरे पाडणारा कोतवाल. त्याच्या आधी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालविणारा आणि सावकाराच्या दारी जावे लागू नये म्हणून धान्याची कोठी उभारणारा जो कोतवाल होता, त्याचा उल्लेख भाषणांत येतो तो ओझरता. पेरणीच्या आणि टंचाईच्या दिवसांत धान्य उसने द्यायचे आणि सुगीला परत घ्यायचे, ही कल्पना दिसायला साधी आहे. तिच्यात उदारमतवादाच्या करारालाच एक वेगळे रूप दिलेले होते. कर्ज होते, परतफेड होती, पण जमीन गहाण नव्हती. या कृतीला समाजवाद म्हणावे, सहकार म्हणावे की गांधीजींचे विधायक कार्य म्हणावे, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. ज्या खेड्यांच्या डोक्यावरून त्या विजेच्या तारा मुंबईकडे जात, त्यांतील बहुतेकांत तेव्हा रॉकेलची चिमणीच मिणमिणत होती, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

स्वातंत्र्याबरोबर या विचारांना पक्षांचे अंगरखे चढले. नाशिकच्या तुरुंगात १९३३ मध्ये ज्यांची बीजे पडली ते समाजवादी १९४८ मध्ये काँग्रेसबाहेर आले. रायगडच्या राजकारणावर खरा ठसा उमटविला तो मात्र शेतकरी कामगार पक्षाने. सत्यशोधक परंपरेतून आलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे आदी मंडळींनी १९४७ मध्ये तो स्थापन केला, आणि १९५० च्या दाभाडी प्रबंधाने त्याने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला. महात्मा फुल्यांचा शेतकरी आणि मार्क्सचा कामगार यांची ही सोयरीक जगात अन्यत्र क्वचितच जमली असेल. तिच्यात तणाव होतेच; जेधे स्वतः १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. पण कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे १९८१ पासूनच्या रायगडात, लाल बावटा गावोगावच्या आगरी-कुणबी घरांत पोचला आणि कार्यकर्त्याच्या नावाआधी ‘भाई’ लागले. खोती गेली, कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ मालक झाला. या जिल्ह्यात एखाद्या विचारसरणीने आपले वचन इतक्या प्रत्यक्ष रूपाने पाळल्याचे दुसरे उदाहरण देता येणे कठीण आहे. श्रेय मात्र एका पक्षाचे नव्हे. कायदे काँग्रेसच्या सरकारांनी केले आणि ते करण्यास त्यांना चळवळींनी भाग पाडले.

याच जिल्ह्यातील गागोदे गावात जन्मलेल्या विनोबांनी जमिनीच्या प्रश्नाला भूदानाचे तिसरे उत्तर दिले. जन्मभूमीपेक्षा दूरच्या तेलंगणात आणि बिहारात त्याचा गाजावाजा अधिक झाला, हे आपल्याकडच्या रीतीला धरूनच म्हणायचे.

कूळ मालक झाला आणि येथेच खरी अडचण सुरू झाली. ज्या विचाराचे ध्येय ‘कसेल त्याची जमीन’ हे होते, त्याने ते गाठल्यावर पुढे काय मागायचे? उत्तर परिस्थितीने दिले. नेहरूंच्या नियोजनात सार्वजनिक उद्योग हा समाजवादाचा कणा मानलेला होता. १९६० मध्ये हिंदुस्थान ऑर्गॅनिक केमिकल्स स्थापन झाली, खालापूर तालुक्यात तिचा कारखाना उभा राहिला आणि गावाला ‘रसायनी’ हे नावच पडले. खोपोलीत खासगी पोलाद आणि इतर कारखाने आले. उरण-पनवेलकडे सिडको आली. भूसंपादन हा जिल्ह्याचा परवलीचा शब्द झाला. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांनी प्राण दिले, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. हा विजय मोठा होता. परंतु विचारसरणीच्या इतिहासात त्याचा अर्थ असा की जमीन कोणाची, या प्रश्नाची जागा जमिनीचा भाव काय, या प्रश्नाने घेतली. भाव मागणे गैर नव्हे. ज्याचे घर चालले आहे त्याने मार्क्स वाचीत बसावे अशी अपेक्षा कोणी करू नये. पण भावाची भाषा एकदा सर्वमान्य झाली की ती बोलायला विचारसरणी लागत नाही. चांगला वकील पुरतो.

रसायनीचा तो सरकारी कारखाना चालविणे परवडत नाही, असा निर्णय केंद्राने २०१७ मध्ये घेतला आणि उत्पादन थांबले. तोपर्यंत १९९१ चे आर्थिक धोरण, २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग आणि डोंगराच्या कुशीत सुटीचे घर शोधणारा शहरी पैसा यांनी या दोन तालुक्यांचा चेहरा बदलून टाकला होता. कूळकायद्याने मालक झालेल्यांची पुढची पिढी एकेक गुंठा विकू लागली. उदारमतवादाची साखळी दीडशे वर्षांनी पुन्हा फिरू लागली आणि या वेळी तिला विरोध असा झालाच नाही.

डाव्यांच्या ओहोटीत जे पक्ष वाढले त्यांचाही स्वतःचा विचार आहे. तो समजून न घेता त्यांना नुसती लाट म्हणणे हे आळशीपणाचे लक्षण होय. सावरकरांचा ‘हिंदुत्व’ हा ग्रंथ १९२३ चा, राष्ट्रीय स्वयंसेवक संघ १९२५ चा. १९५१ मध्ये जनसंघ निघाला आणि १९६५ मध्ये दीनदयाळ उपाध्यायांनी एकात्म मानववाद मांडला. समाज हा एकच देह आहे, त्याच्या अवयवांत संघर्ष कल्पिणे चूक, हे त्याचे मर्म. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेने मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न हाती घेतला, आणि कर्जत-खोपोलीहून रोज लोकलने मुंबईला जाणाऱ्या तरुणाला तो आपलाच वाटला. वर्गाच्या भाषेने त्याला शेतकऱ्याचा मुलगा म्हटले होते. सेनेने त्याला मराठी म्हटले, पुढे हिंदू म्हटले. कारखान्याच्या फाटकावर ‘स्थानिकांना आधी’ ही मागणी शेकापही करीत होता आणि सेनाही. मागणी एकच असेल तर माणसे आवाज ज्याचा मोठा त्याच्यामागे जातात.

आज जे चित्र दिसते ते या वाटचालीचा परिणाम आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत कर्जत मतदारसंघात महेंद्र थोरवे शेतकरी कामगार पक्षातर्फे लढून थोड्या मतांनी हरले. २०१९ मध्ये ते शिवसेनेतर्फे निवडून आले, २०२२ च्या फुटीत एकनाथ शिंदे यांच्यासमवेत गेले आणि २०२४ मध्ये पुन्हा विजयी झाले. त्यांचे आधीचे प्रतिस्पर्धी सुरेश लाड हे राष्ट्रवादी काँग्रेसचे आमदार होते. २०२३ मध्ये ते भारतीय जनता पक्षात गेले. २०१४ च्याच लोकसभा निवडणुकीत मावळ मतदारसंघात शेकापने लक्ष्मण जगताप यांना पाठिंबा दिला आणि त्याच वर्षी तेही भाजपमध्ये दाखल झाले. यात व्यक्तींना दोष देण्याचा हेतू नाही. पक्षांतर हा या प्रदेशाचा खास दुर्गुणही नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. इतकी ये-जा होऊनही जमीन, जंगल किंवा पाणी यांबद्दलच्या एकाही भूमिकेत फरक पडला असे मतदाराला जाणवले नाही, कारण बदलण्याजोगी भूमिका मुळातच नव्हती.

पण जे प्रश्न विचारसरणींना जन्म देतात ते असे पक्षांच्या सोयीने नाहीसे होत नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ता म्हणून मृत ठरविण्यात आली. ही वाडी धोकादायक गावांच्या यादीत नव्हती. कातकऱ्यांच्या कितीतरी वाड्या खासगी किंवा वनजमिनीवर उभ्या आहेत आणि राहत्या घराखालची जागा राहणाऱ्याच्या नावावर नाही. पावसाळा संपला की हीच माणसे उचल घेऊन वीटभट्टीवर वा कोळशाच्या भट्टीवर जातात. कोतवालांच्या धान्यकोठीने जो प्रश्न सोडवू पाहिला तो हाच. आणि त्यांच्याच माथेरानात माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढणे बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला ६ ऑगस्ट २०२५ रोजी द्यावा लागला. सामाजिक न्यायाचे वचन देणारी राज्यघटना अमलात येऊन तेव्हा ७५ वर्षे झाली होती. राजकीय पक्षांनी हा प्रश्न न्यायालयाकडे जाईपर्यंत वाट का पाहिली, याचे उत्तर त्या पक्षांनी द्यावयाचे आहे.

पोशीर-शिलारकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे प्रत्येक परंपरेचे उत्तर वेगळे येते. शुद्ध उदारमतवादी म्हणेल, योग्य किंमत द्या आणि संमती घ्या. दाभाडीचा वारसा सांगणाऱ्याने विचारले पाहिजे की शहराच्या नळाचे आणि उद्योगाचे पाणी एकाच भावाने का जावे, आणि धरणाखालच्या शेतकऱ्याचा वाटा आधी का ठरू नये. आंबेडकरी विचार धरणाला नाही म्हणणार नाही, कारण आंबेडकर स्वतः व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेशी निगडित होते. तो मात्र विचारील की पाण्याची जलवाहिनी ज्या कातकरवाडीवरून जाते तिच्या वाट्याला टँकर का येतो. सर्वोदयी ग्रामसभेचा ठराव मागेल. एकात्मतेचा पुरस्कर्ता म्हणेल की शहर आणि खेडे एकाच देहाचे अवयव आहेत. मग वेदना नेहमी एकाच अवयवाला का, याचे उत्तर त्याने शोधावे. यांतील कोणते उत्तर बरोबर हे मतदाराने ठरवावे. या लेखकाला दाभाडी आणि महाड यांच्यामधली वाट अधिक न्याय्य वाटते, हे लपविण्याचे कारण नाही.

मुंबई, नवी मुंबई, पनवेल, बदलापूर या शहरांतील माणसांनाही पाणी हवेच आहे आणि त्यांतील अनेक जण याच डोंगरांतून उठून तेथे गेलेले आहेत. तेव्हा प्रश्न पाणी द्यावे की न द्यावे हा नसून कोणत्या क्रमाने आणि कोणत्या हिशेबाने, हा आहे. त्याबाबत कायद्याची स्थिती मोठी विचित्र आहे. रायगड जिल्ह्याचा समावेश अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा येथील ठाकर-कातकऱ्यांना लागू होत नाही. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील आदिवासींना तो लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने दळीच्या जमिनींचे दावे दाखल करता येतात, पण दाव्याचा निकाल धरणाच्या आधी लागेल की नंतर, यावर सगळे अवलंबून आहे. पक्षांनी आपापल्या जाहीरनाम्यात एवढे जरी छापले की धरणक्षेत्रातील वनहक्काचे दावे आणि वाड्यांच्या गावठाणांची नोंद पूर्ण होईपर्यंत भूसंपादनाची कारवाई पुढे जाऊ देणार नाही, तरी कोण डावा, कोण उजवा हे कर्जत-खालापूरच्या मतदाराला कळेल. ज्या वाडीचा सातबारा कोणा दुसऱ्याच्या नावे आहे, तिच्या मोबदल्याची नोटीस आज निघाली तर ती त्या दुसऱ्याच्याच पत्त्यावर जाईल.